चमचाभर दही आणि दोन नळ्या

न्यूझीलंडला उतरण्याआधी विमानात एक कार्ड भरून घेतात. सामानात खाण्याचं काय काय आहे ते त्यावर खरं सांगायचं. खोटं सांगितलं तर दंड आहे, असं शेजारच्या बाईंनी वाचून दाखवलं. मी आठवी नापास माणूस. इंग्रजी अक्षरं लागतात, वाक्यं लागत नाहीत. त्या बाईंना सांगून सांगून मी सगळं लिहवून घेतलं. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, मेथीचे लाडू, सुपारी, एवढंच काय, देवापुढची खडीसाखरसुद्धा.

विमानतळावरच्या साहेबानं ती यादी वाचली, पिशवी उघडली, लाडू तेवढे ठेवून घेतले आणि माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाला, खरं सांगितल्याबद्दल थँक यू. लाडू गेले त्याचं वाईट वाटलं, पण त्या शाबासकीनं मी फुगलो. बाहेर उभ्या पल्लवीला मी पहिलं तेच सांगितलं. पुढं त्याच शाबासकीची मला फार लाज वाटली. का, ते येईलच.

२०१७ सालच्या एप्रिल महिन्यातली ही गोष्ट. पल्लवी माझी एकुलती एक मुलगी. शिकायला म्हणून ऑकलंडला गेली, तिथंच नोकरी लागली, तिथंच पुण्याचा निखिल भेटला. तो कंप्युटरमध्ये आहे. तिकीट त्या दोघांनी काढलं. सुशीलाचे, म्हणजे बायकोचे, गुडघे दुखतात म्हणून ती राहिली आणि मी एकटा आलो. जयसिंगपूरहून आजवर फार तर मुंबईपर्यंत गेलेला माणूस मी. समुद्राच्या इतक्या पलीकडं मला कुणी बोलावेल असं वाटलं नव्हतं.

अल्बनी

पल्लवीचं घर ऑकलंडमधल्या अल्बनीत. सगळी घरं नवीन, एकमेकांपासून फटकून उभी, आणि रस्त्यावर माणूस नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, काही बंद-बिंद आहे की काय. निखिल म्हणाला, "नाही बाबा, इथं रोजच असं." त्यानं मला रबरी चपला आणून दिल्या. इथं त्यांना जँडल्स म्हणतात, आणि त्या घालून लोक बँकेतसुद्धा जातात. बसमधून उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला थँक यू म्हणतो. मीही म्हणायला लागलो. आमच्या एसटीच्या ड्रायव्हरला असं म्हटलं तर तो खाली उतरून विचारेल, काय झालं म्हणून.

दुसऱ्या दिवशी पल्लवीनं 'डेअरी'तून ब्रेड आणायला सांगितला. मी दुधाची डेअरी शोधत अर्धा तास फिरलो. शेवटी कळलं की कोपऱ्यावरचं किराणा दुकान म्हणजे डेअरी. दुकानदार नवसारीचे पटेल. त्यांच्याकडून साधं दही घेतलं, विरजण केलं आणि घरी दही लावायला सुरुवात केली. थंडीमुळं लागत नव्हतं, तर गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात भांडं ठेवलं. निखिल बोट चाटून म्हणाला, "स्वीट ऍज, बाबा!" म्हणजे एकदम मस्त.

पण माझं लक्ष दुसरीकडं होतं. जेवायच्या आधी पल्लवी पोटावरचा टॉप जरासा वर करून पेनसारखी सुई टोचून घ्यायची. बोलता बोलता, भाजी ढवळता ढवळता. बाविसाव्या वर्षी, इथं एकटी असताना, तिला साखर निघाली. त्याला आता चार वर्षं झाली होती. फोनवर ऐकणं वेगळं. डोळ्यासमोर सुई जाताना मी ताटाकडं बघत राहायचो.

जयसिंगपूरच्या एका लॅबमध्ये मी तेहतीस वर्षं नोकरी करतो. सकाळी लोकांच्या घरी जाऊन सांगायचं, उद्या उपाशी पोटी या. दुपारी बर्फाच्या पेटीत नळ्या घालून त्या गाडीवरून सांगलीच्या मोठ्या लॅबला पोचवायच्या. लाल झाकणाची कुठली, राखाडी कुठली, जांभळी कुठली, झोपेत सांगेन. आत काय तपासतात ते मात्र मी कधी विचारलं नाही. आपलं काम नळी न सांडता न्यायचं.

म्हणून पल्लवी जेव्हा म्हणाली, "बाबा, बुधवारी माझी एक रक्ताची टेस्ट आहे, येता का बघायला?" तेव्हा मला लग्नाचं आमंत्रण आल्यासारखं झालं.

"कसली टेस्ट?"

"डॉक्टरना शंका आहे. मला ज्या प्रकारची साखर आहे म्हणतात, त्यात चार वर्षांत शरीर इन्सुलिन बनवायचं जवळपास थांबतं. पण मला इतक्या कमी इन्सुलिनवर भागतंय. म्हणून बघायचंय, माझं मी किती बनवते ते." तिनं भाजी ढवळली. "नसेल बनत, तर सुई जन्मभर. बनत असेल, तर कदाचित... माहीत नाही बाबा. आत्ता काही विचार नाही करायचा."

करत होती. त्या रात्रीच्या भाजीत तिनं दोनदा मीठ घातलं होतं.

बुधवारची सकाळ

आमच्या घरात कुणी परीक्षेला, मुलाखतीला, प्रवासाला निघालं की सुशीला उंबऱ्याशी दही-साखर हातावर ठेवते. पल्लवीच्या दहावीला ठेवली, इथं यायला निघाली तेव्हा ठेवली. त्या दिवशी सकाळी सुशीलाचा फोन आला, "मी नाही तिथं. तुम्ही ठेवा तिच्या हातावर. विसरू नका."

मी विसरलो नाही. दही छान लागलं होतं. निखिल गाडी बाहेर काढत होता, पल्लवी कागद शोधत होती, मी चमचा पुढं केला, तिनं उजवा हात केला, डावा हात खाली लावला आणि चाटून टाकलं. नमस्कार केला. गाडीत बसलो.

सगळ्या जगाला 'चहासुद्धा नको, गुळणी केलेलं पाणीपण गिळू नका' असं सांगणारा मी. तेहतीस वर्षं.

दवाखान्यातल्या त्या खोलीत अरोहा नावाच्या नर्स होत्या. माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांतल्या बाई, माझ्याच वयाच्या, धिप्पाड, केस पांढरे, हसणं खोलीभर. "किया ओरा!" असा त्यांच्यातला नमस्कार म्हणाल्या आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. पल्लवीनं त्यांना सांगितलं की बाबा लॅबमध्ये असतात. झालं, बाईंनी मला आपल्याच खात्यातला माणूस धरलं. नळ्या दाखवल्या. जांभळं झाकण. बर्फाचा डबा. माझा डबा असतो तसाच, फक्त घासलेला. रुग्णाचं नाव नळीवर रुग्णाच्या समोर लिहितात आणि त्यालाच वाचून दाखवायला लावतात. हे मला फार आवडलं. आमच्या लॅबमध्ये रक्त काढणारा जाधव खिशातल्या चिठ्ठीवरून लिहितो.

मग त्यांनी कागदावर एक लांब दोरी काढली. त्या इंग्रजीत सांगत होत्या आणि पल्लवी मला मराठीत. शरीर इन्सुलिन सुटं बनवत नाही. आधी ही लांब दोरी बनते. मग ती तुटते. एक तुकडा इन्सुलिन आणि दुसरा तुकडा सी-पेप्टाइड. जितकं इन्सुलिन, तितकंच सी-पेप्टाइड.

"मग सरळ इन्सुलिनच का मोजत नाहीत?" मी विचारलं.

अरोहाबाई खूश झाल्या. म्हणाल्या, निम्मं इन्सुलिन यकृतच गिळून टाकतं. आणि ही सुईनं बाहेरचंही घेते. रक्तात सापडलं ते तिचं की पेनातलं, कसं कळणार? पेनातल्या इन्सुलिनसोबत तो दुसरा तुकडा नसतो.

मला एकदम लख्ख दिसलं. मी म्हणालो, "पल्लवी, त्यांना सांग. भुईमुगाच्या शेंगा. दाणे खाऊन झाले की मोजता येत नाहीत, पण टरफलं पडलेली असतात. टरफलं मोजायची. आणि दुकानातून आणलेले सोललेले दाणे कितीही खाल्ले, तरी त्यांचं टरफल घरात सापडत नाही."

पल्लवीनं सांगितलं. अरोहाबाईंनी टेबलावर हात मारला आणि म्हणाल्या, हे मी आता सगळ्यांना सांगणार. मला इतका आनंद झाला की काय सांगू. तेहतीस वर्षं ज्या पेट्या वाहिल्या त्यातली एक आज उघडून दाखवल्यासारखं झालं.

मग त्यांनी पल्लवीला विचारलं, रात्रीपासून काही खाल्लं नाही ना?

"नो," पल्लवी म्हणाली. मनापासून म्हणाली. आपण काही खाल्लं हे तिच्या ध्यानातच नव्हतं. दही-साखर म्हणजे खाणं नव्हे, निघणं.

दंडाला पट्टा बांधला. सुई उघडली. आणि मला सकाळचा चमचा आठवला. मी उभा राहिलो. "स्टॉप! सिस्टर, स्टॉप. आय गिव्ह. कर्ड. शुगर. वन स्पून. मॉर्निंग."

पल्लवीनं कपाळावर हात मारला. "अहो बाबा! तुम्ही पण ना! तुम्ही?"

"मी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

अरोहाबाई आधी हसल्या, मग तिचं बोट टोचून साखर बघितली, मग मान हलवली. पुढच्या बुधवारी या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आमच्यातही कामाला निघताना आधी प्रार्थना असते, फक्त ती खावी लागत नाही. कागद भरताना त्यांनी मला सहज विचारलं, "घरात आणखी कुणाला साखर आहे?"

"मला," मी म्हणालो. "गोळी घेतो."

"कितव्या वर्षी सुरू झाली?"

"फोर्टी," मी म्हणालो. चाळीस. सगळ्यांना सांगतो तेच.

त्यांनी लिहून घेतलं.

टौरंगा

मधल्या शनिवारी निखिल म्हणाला, चला, बाबांना किवीच्या बागा दाखवू. वाटेत रस्त्याकडेला पाटी दिसली, 'बॉम्बे'. मी गाडी थांबवायला लावली आणि पाटीखाली फोटो काढला. एका जहाजाच्या नावावरून त्या गावाला हे नाव पडलं म्हणे. आसपास पुकेकोहे गावाची शेतं, कांदा, बटाटा, तांबूस माती. तिथं एका भाजीच्या दुकानात आजोबांच्या काळापासून राहिलेलं गुजराती कुटुंब भेटलं. त्यांचा नातू गुजराती समजतो, उत्तर मात्र इंग्रजीत देतो. आजी म्हणाल्या, "समझता है ना, बस." मेथीच्या दोन जुड्या त्यांनी वर घातल्या.

टौरंग्याला निखिलचा मित्र समीर. मूळ मिरजेचा, विद्यार्थी म्हणून आला आणि आता बागांच्या कामात आहे. मिरज म्हटल्यावर माझी भीड चेपली. किवीची बाग बघून मी चकितच झालो. अगदी आपला द्राक्षाचा मांडव! तारा तशाच, खाली सावली तशीच, फक्त घडाऐवजी केसाळ चिकूसारखी फळं लोंबत होती.

समीरनं एक फळ कापलं, रसाचा थेंब छोट्या नळीसारख्या दुर्बिणीवर टाकला आणि मला डोळ्याला लावायला दिली. आत निळी-पांढरी रेघ.

"साखर, काका. ठरल्याएवढी भरली की तोडणी. तासगावात द्राक्षाला पण हेच लावतात."

"बाहेरून कळत नाही?"

"बाहेरून काय कळतंय? सगळी सारखीच दिसतात."

"सगळ्या वेली इतक्या सारख्या कशा रे?"

"कलमं आहेत. मूळ वेल एकच. तिच्यात जे असेल ते सगळ्यांत उतरणार."

मी दुर्बीण परत दिली. त्यानंतर समीरनं पुष्कळ दाखवलं, पॅकिंगची शेड, पेट्या, पण मला काही आठवत नाही.

दुपारी समुद्रावर बसलो. तळलेला मासा आणि बटाट्याच्या फोडी कागदात. निखिल आणि समीर पाण्याकडं गेले. समुद्रपक्षी आमच्याभोवती वसुली करायला आल्यासारखे उभे होते. मी म्हणालो, "पल्लवी, त्या बाईंना मी खोटं सांगितलं."

"कोणत्या बाईंना?"

"सिस्टरना. मला चाळिसाव्या वर्षी नाही झाली साखर. तेविसाव्या वर्षी झाली."

तिनं फोड तोंडाजवळ नेली होती. तिथंच राहिली.

"लॅबमध्ये नवीन मशीन आलं होतं. जुन्या डॉक्टरांनी चालवून बघायला माझंच रक्त घेतलं. निघाली. तेव्हा मी काडीसारखा होतो. तुझ्या आईचं स्थळ आलेलं. साखरेचा मुलगा कोण करून घेतंय? डॉक्टरांनी रोज एक बारकी गोळी दिली आणि गप्प राहिले. सतरा वर्षांनी मी घरात सांगितलं, आता झाली म्हणून."

"आईला माहीत नाही?"

"नाही."

एका पक्ष्यानं तिच्या हातातली फोड नेली, तिला कळलंसुद्धा नाही.

"बाबा," ती म्हणाली, "मला चार वर्षं वाटतंय की मी काहीतरी केलं. एकटी राहिले, नूडल्स खाल्ल्या, जागरणं केली, म्हणून झालं. आणि तुम्ही फोनवर सांगायचा, भात कमी कर."

विमानतळावर खांद्यावर पडलेली ती शाबासकी मला आठवली आणि मी तोंड खाली घातलं.

"रडू नका," ती म्हणाली. "लोक बघतायत." मग जरा वेळानं, "बुधवारी तुमचं तुम्ही सांगायचं. मी मराठीचं इंग्रजी करणार नाही."

पुन्हा बुधवार

त्या सकाळी मी दह्याचं भांडं कपाटातून काढलंच नाही. सुशीलाचा फोन निखिलनं घेतला आणि "हो आई, हो आई" करत ठेवला.

अरोहाबाईंनी दार उघडल्या उघडल्या विचारलं, "दही?"

"नो कर्ड," मी म्हणालो. आणि बसायच्या आधीच बोललो, आठवडाभर पाठ केलेलं. "सिस्टर. लास्ट टाइम, आय टेल राँग. नॉट फोर्टी. ट्वेंटी थ्री. थिन बॉय. ओन्ली स्मॉल टॅबलेट. सॉरी."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी मागचा कागद काढला, चाळीसवर रेघ मारली, तेवीस लिहिलं आणि कागद माझ्यासमोर धरला. नळीवरचं नाव वाचायला लावतात तसा. मी वाचलं, "ट्वेंटी थ्री." मग त्या उठून डॉक्टरांना बोलावून आल्या.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, तुमचे वडील? मी म्हणालो, लहानपणी गेले, पायाची जखम भरलीच नाही. तिनं तेही लिहून घेतलं. माझ्या बापाबद्दल इतक्या लांबच्या कुणी विचारावं, याचंच मला भरून आलं.

पहिली नळी घेतली. मग पल्लवीला दाट, गोड दुधासारखं काहीतरी प्यायला दिलं, मोजून. जेवण पडलं की शरीर जागं होतं की नाही, ते बघायचं. दीड तास थांबायचं. अरोहाबाईंनी मला चहा दिला आणि जाधवच्या चिठ्ठीची गोष्ट पुन्हा सांगायला लावली. दीड तासानं दुसरी नळी. बर्फात ठेवताना त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, प्रयोगशाळा तीन दारं सोडून आहे, चला. ती तीन दारं मी चाललो. माझ्या मुलीचं रक्त आणि मी. सांगलीचा रस्ता मला इतका लांब कधी वाटला नव्हता.

निकाल माझ्या निघण्याच्या दोन दिवस आधी आला. पल्लवीनं फोन स्पीकरवर ठेवला. डॉक्टर म्हणाली, सी-पेप्टाइड भरपूर आहे. चार वर्षांनी इतकं सहसा राहत नाही. तुझं शरीर बनवतंय. आणि वडलांना कितव्या वर्षी झाली ते कळलं नसतं तर मी आणखी वर्षभर वाट बघितली असती. ही साखर वडलांकडून उतरलेली असू शकते, आता त्या एका जनुकाची तपासणी करू. तोवर सुई बंद करायची नाही, मनानं काही करायचं नाही.

फोन ठेवून पल्लवी मला म्हणाली, "टरफलं सापडली, बाबा."

निखिल स्वयंपाकघरात गेला आणि उगाचच नळ सोडून उभा राहिला.

जयसिंगपूर

घरी आल्यावर बॅग उघडायच्या आधी सुशीलाला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. पोळी तव्यावर टाकून म्हणाली, "म्हणजे लग्नापासून मी तुमच्या डब्यात रोज लाडू देतेय, तो कोण खात होतं?"

"जाधव."

"तरीच सुटलाय," ती म्हणाली. पुढं दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझ्या बापानं नसतं दिलं हे खरंय. पण मला तरी सांगायचं होतं." तेवढंच. तिचं बरोबर होतं.

पावसाळा सरता सरता पल्लवीचा फोन आला. जनुकाची तपासणी आली होती, शंका खरी निघाली, साखर माझ्याकडूनच उतरली होती. डॉक्टरांच्या नजरेखाली तिला बारकी गोळी सुरू झाली होती आणि पेन हळूहळू मागं पडत होतं. माझ्याच गोळीची बहीण. इथल्या आमच्या डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, "अण्णा, मग तुमचंही सी-पेप्टाइड एकदा बघू या."

रक्त द्यायला मी सकाळी निघालो तेव्हा सुशीला सवयीनं वाटी घेऊन दारात आली. आम्ही दोघांनीही वाटीकडं बघितलं. "आल्यावर," ती म्हणाली आणि आत गेली.

लॅबमधल्या खुर्चीत मी बऱ्याच वर्षांनी बसलो. जाधवनं शीर शोधली. "अण्णा, आता लाडवांचं काय?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, नळीवर नाव माझ्यासमोर लिही आणि मला वाचायला लाव. तो चेष्टा करत होता, पण त्यानं लिहिलं आणि मी वाचलं. फॉर्म मी स्वतः भरला. 'आजार केव्हापासून' या रकान्यात तेवीस लिहिलं.

दुपारी पेटी गाडीला बांधली. आत सात नळ्या. सहा लोकांच्या, एक माझी. सांगलीच्या वाटेवर अंकलीच्या पुलाआधी एक खड्डा आहे, तिथं मी रोजच वेग कमी करतो. त्या दिवशी जरा जास्तच केला.